एकट्या रेणूला अवस्था नसते

पदार्थाच्या अवस्था शिकवताना जवळपास प्रत्येक शालेय पुस्तकात तीन चौकटी काढलेल्या असतात. पहिल्या चौकटीत ठिपके ओळीने, एकमेकांना खेटून मांडलेले असतात. दुसरीत ते थोडे सुटे, विस्कटलेले दिसतात. तिसरीत मोजकेच ठिपके दूरदूर विखुरलेले असतात आणि खाली अनुक्रमे स्थायू, द्रव आणि वायू असे लिहिलेले असते. या चित्राबद्दल मला आदर आहे, कारण डोळ्यांना कधीच न दिसणारी गोष्ट ते एका दृष्टिक्षेपात मनात उतरवते. तरीही हा विषय वाचताना आणि इतरांना समजावून सांगताना मला सतत जाणवत आले आहे की या चित्रातून दोन गोष्टी निसटतात, आणि विषयाचा गाभा नेमका त्या दोन गोष्टींमध्येच आहे.

पहिली गोष्ट अंतराची. मधल्या चौकटीकडे पाहून असा समज होतो की द्रवातील कणांमधले अंतर स्थायू आणि वायू यांच्या साधारण मधोमध असावे. वस्तुस्थिती फार वेगळी आहे. बहुतेक धातू वितळतात तेव्हा त्यांचे आकारमान जेमतेम काही टक्क्यांनी वाढते, आणि पाण्याची तर तऱ्हाच उलटी, कारण बर्फ वितळले की त्याचे आकारमान सुमारे ८ टक्क्यांनी घटते. म्हणजेच द्रवातले कण स्थायूइतक्याच दाटीने राहतात. याउलट १०० अंश सेल्सिअसच्या पाण्याची त्याच तापमानाची वाफ झाली, तर नेहमीच्या वातावरणीय दाबाखाली ती सुमारे १,६०० पट जागा व्यापते आणि रेणूंमधले सरासरी अंतर जवळजवळ १२ पटींनी वाढते. वितळताना मोडते ती कणांची शिस्त आणि उकळताना मोडते ती त्यांची दाटी. ही दोन स्थित्यंतरे एकाच जिन्याच्या दोन पायऱ्या असल्यासारखी शिकवली जातात, परंतु ती मुळातच भिन्न जातीची आहेत, आणि या फरकाकडे मी पुढे पुन्हा येणार आहे.

दुसरी गोष्ट त्या ठिपक्याची आहे, आणि माझ्या मते ती अधिक महत्त्वाची आहे. तिन्ही चौकटींतला ठिपका एकच असतो हे चित्रात दाखवलेले असते, पण मनात ते ठसत नाही. स्थायूचा कण कठीण असेल, द्रवाचा ओलसर असेल आणि वायूचा हलका असेल, अशी कल्पना नकळत तयार होते आणि मोठेपणीही ती जात नाही. पाण्याचा एकच रेणू डोळ्यांसमोर आणून पाहावा. एक ऑक्सिजनचा अणू, त्याला सुमारे १०४.५ अंशांच्या कोनात जोडलेले दोन हायड्रोजनचे अणू, एवढाच त्याचा संसार. हा रेणू बर्फातून आला की वाफेतून, हे त्याच्याकडे पाहून सांगता येत नाही. तो ना कठीण असतो, ना ओला, ना वायुरूप. इतकेच कशाला, त्या एकट्याच्या संदर्भात तापमान हा शब्द वापरण्यातही अर्थ उरत नाही, कारण तापमान हे असंख्य कणांच्या सरासरी गतिज ऊर्जेचे माप आहे. अवस्था आणि तापमान या दोन्ही गोष्टी कणांच्या समूहात उपजतात, आणि एकेका कणापाशी त्यांचा मागमूसही नसतो. मला या विषयाची ओढ लागली ती या एका विचारामुळे.

या समूहात दोन प्रवृत्तींची सतत ओढाताण चालू असते. रेणू एकमेकांच्या पुरेसे जवळ आले, म्हणजे नॅनोमीटरच्या काही दशांश भागांइतके, की त्यांच्यात आकर्षण निर्माण होते. त्याहून जवळ ढकलले तर ते एकमेकांना तितक्याच जोराने दूर लोटतात. या आकर्षणाविरुद्ध उभी असते ती रेणूंची अविरत हालचाल. पाण्याच्या बाबतीत हे आकर्षण मुख्यतः हायड्रोजन बंधांचे असते, म्हणजे एका रेणूतल्या हायड्रोजनने शेजारच्या रेणूतल्या ऑक्सिजनला ओढून धरण्याचे. खोलीच्या तापमानाला एका रेणूच्या वाट्याला जी सरासरी गतिज ऊर्जा येते, तिच्या सुमारे पाचपट ऊर्जा असा एक बंध तोडायला लागते. केवळ सरासरीकडे पाहिले तर बंध अभेद्य वाटावेत. परंतु रेणू सतत एकमेकांवर आदळत असतात, कुणाच्या वाट्याला क्षणभर अधिक ऊर्जा येते, शेजारी जरासा वळतो आणि जुना बंध तुटता तुटताच नवा जुळतो. द्रव पाण्यात असा बंध साधारण एक पिकोसेकंद, म्हणजे सेकंदाचा एक लाख कोटीवा भाग, टिकतो. संथ दिसणाऱ्या पाण्यात एवढी उलाढाल चालू असते आणि तरीही त्या पाण्याचा पृष्ठभाग आरशासारखा स्थिर राहतो, याचे मला आजही नवल वाटते.

ऊर्जा या ओढाताणीत कुठे जाते, हे पाहण्यासाठी बर्फ आणि तापमापी यांपलीकडे काहीही लागत नाही. कुटलेले बर्फ भांड्यात घेऊन मंद आचेवर ठेवावे, तापमापीचा फुगा त्यात नीट बुडेल अशी व्यवस्था करावी आणि सतत ढवळत राहावे. आच चालूच असते, भांड्यात उष्णता येतच असते, बर्फाचे तुकडे कडांनी गोल होत जातात, खाली पाणी साठते, तुकडे त्यात तरंगू लागतात आणि तापमापी मात्र शून्यावरून हलत नाही. शेवटचा कपचा विरघळेपर्यंत ती तिथेच राहते आणि तो नाहीसा झाला की लगेच चढू लागते. एक ग्रॅम बर्फाचे शून्य अंशाचे पाणी होण्यासाठी सुमारे ३३४ ज्यूल ऊर्जा लागते. तेवढ्याच ऊर्जेत त्या पाण्याचे तापमान शून्यापासून जवळजवळ ८० अंशांपर्यंत गेले असते. ही ऊर्जा रेणूंचा वेग वाढवण्यात खर्ची पडत नाही, म्हणून तापमापीला तिचा पत्ता लागत नाही. स्फटिकाच्या जागा सोडून, परस्परांच्या ओढीविरुद्ध, नवी आणि अस्ताव्यस्त मांडणी स्वीकारण्यात ती जाते आणि स्थितिज ऊर्जेच्या रूपाने पाण्यात जमा राहते. पाणी पुन्हा गोठले की तीच ऊर्जा पै-पैसह परत मिळते.

ही गोष्ट प्रथम नेमकेपणाने ओळखली ती जोसेफ ब्लॅक यांनी, १७६० च्या दशकाच्या सुरुवातीला, ग्लासगो येथे. त्यांचा मूळ युक्तिवाद प्रयोगशाळेच्या बाहेरचा होता आणि तो मला फार आवडतो. त्या काळचा समज असा होता की वितळणबिंदूला पोहोचलेल्या बर्फाला थोडी अधिक उष्णता मिळाली की ते सगळेच्या सगळे पाणी होते. ब्लॅक यांनी विचारले की तसे असेल तर हिवाळा संपून हवा जराशी उबदार होताच डोंगरांवरचा सगळा बर्फ एकाएकी वितळून प्रलयंकारी पूर यायला हवेत. प्रत्यक्षात बर्फ आठवडेच्या आठवडे रेंगाळतो, तो का? मग त्यांनी मोजमाप केले आणि बर्फ वितळवायला लागणारी उष्णता तेवढ्याच पाण्याचे तापमान सुमारे १४० फॅरनहाइट अंशांनी वाढवेल असे अनुमान काढले. आजचा आकडा १४४ च्या आसपास आहे. उष्णता म्हणजे पदार्थात शिरणारे एक सूक्ष्म द्रव्य आहे असे मानण्याच्या त्या काळात, रेणूंची कल्पनाही नीट रुजलेली नसताना, निव्वळ तराजू, तापमापी आणि चिकाटी यांच्या बळावर त्यांनी इतकी अचूकता गाठली.

एक ग्रॅम पाण्याची १०० अंशांना वाफ करायला मात्र सुमारे २,२५७ ज्यूल लागतात, म्हणजे वितळण्याच्या जवळजवळ सातपट. या दोन आकड्यांच्या गुणोत्तरात वर सांगितलेला शिस्तीचा आणि दाटीचा फरक स्वच्छ दिसतो. वितळताना रेणूंचे शेजारी बदलतात, पण शेजार सुटत नाही. बहुतेक बंध टिकून राहतात किंवा लगेच पुन्हा जुळतात. वाफ होताना प्रत्येक रेणूला सर्व शेजाऱ्यांपासून पूर्णपणे सुटावे लागते आणि भोवतालच्या हवेला मागे रेटून स्वतःसाठी जागाही करावी लागते. वाफेने भाजणे उकळत्या पाण्याने भाजण्यापेक्षा गंभीर का ठरते, याचे कारण इथेच आहे. त्वचेवर वाफेचे पाणी होताना ती ग्रॅममागे हे दोन हजारांहून अधिक ज्यूल त्वचेच्या स्वाधीन करते, आणि त्यानंतर ते पाणी शंभर अंशांचे असतेच.

स्थायूतील कण निश्चल असतात, हा असाच एक रूढ गैरसमज. ते आपापल्या जागेभोवती सेकंदाला १० च्या तेराव्या घाताइतक्या वेळा, म्हणजे सुमारे दहा लाख कोटी वेळा, कंप पावत असतात. तापमान वाढते तशी या कंपनांची झेप वाढत जाते. फ्रेडरिक लिंडेमान यांनी १९१० मध्ये मांडलेल्या आणि पुढे सुधारल्या गेलेल्या निकषानुसार ही झेप शेजारच्या कणापर्यंतच्या अंतराच्या साधारण दहाव्या हिश्श्याइतकी झाली की स्फटिक तग धरत नाही. एवढेच नव्हे, तर स्थायूतले कण जागाही बदलतात. विल्यम रॉबर्ट्स-ऑस्टेन यांनी १८९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत शिशाच्या दंडगोलांच्या तळाशी सोने ठेवून, शिसे वितळणार नाही इतपत तापमान राखून ते कित्येक दिवस तसेच ठेवले होते. नंतर दंडगोलाचे काप करून तपासले तेव्हा वरच्या थरांतही सोने पोहोचलेले आढळले. घट्ट, जड, घाव घातला तरी न हलणाऱ्या धातूतून दुसऱ्या धातूचे अणू वाट काढत वर चढले होते.

वायूंच्या बाबतीत विचारांची वाट अधिक वळणावळणाची होती. वायूचा दाब म्हणजे भांड्याच्या भिंतींवर आदळणाऱ्या असंख्य कणांचा एकत्रित मारा, ही कल्पना डॅनियल बर्नुली यांनी १७३८ मध्येच मांडली होती, पण पुढची शंभरएक वर्षे तिच्याकडे फारसे कुणी वळले नाही. १८४५ मध्ये जॉन जेम्स वॉटरस्टन नावाच्या स्कॉटिश अभियंत्याने लंडनच्या रॉयल सोसायटीकडे एक प्रबंध पाठवला. ते त्या वेळी मुंबईत ईस्ट इंडिया कंपनीच्या नाविक छात्रांना शिकवत होते. वायूचे तापमान हे त्याच्या रेणूंच्या गतिज ऊर्जेच्या प्रमाणात असते, ही आज पायाभूत मानली जाणारी गोष्ट त्यात होती. परीक्षकाने तो प्रबंध निरर्थक ठरवला आणि तो सोसायटीच्या दप्तरात पडून राहिला. १८८३ मध्ये वॉटरस्टन गेले. त्यानंतर लॉर्ड रॅले यांना तो प्रबंध सापडला आणि १८९२ मध्ये त्यांनी तो छापून आणला. दरम्यान क्लॉसिउस, मॅक्सवेल आणि बोल्ट्झमन या भौतिकशास्त्रज्ञांनी तेच शास्त्र स्वतंत्रपणे उभे केले होते. विज्ञानाचे त्यामुळे कायमचे नुकसान झाले नाही हे खरे, पण एका माणसावर झालेला अन्याय तेवढ्याने पुसला जात नाही, असे मला मनापासून वाटते.

क्लॉसिउस यांनाही एका उत्तम आक्षेपाला तोंड द्यावे लागले. बाइस बॅलट या डच शास्त्रज्ञाने विचारले की वायूचे रेणू जर सेकंदाला शेकडो मीटर धावत असतील, तर खोलीच्या एका कोपऱ्यातला वास दुसऱ्या कोपऱ्यात क्षणार्धात का पोहोचत नाही? या प्रश्नाचे उत्तर शोधताना, १८५८ मध्ये, क्लॉसिउस यांना रेणूच्या दोन टकरींमधल्या सरासरी अंतराची कल्पना सुचली. आजचे आकडे असे आहेत: खोलीच्या तापमानाला हवेतल्या नायट्रोजनच्या रेणूचा सरासरी वेग सेकंदाला सुमारे ४७५ मीटर असतो, म्हणजे ध्वनीहून जास्त, पण जेमतेम ७० नॅनोमीटर गेला की तो दुसऱ्या रेणूवर आदळतो आणि दिशा बदलतो. एका सेकंदात अशा सुमारे ७०० कोटी टकरी होतात. इतकी धावपळ करूनही रेणू मूळ जागेपासून फारसा दूर जात नाही. अगदी निवाऱ्याच्या, झुळूकही नसलेल्या खोलीत केवळ विसरणाच्या, म्हणजे रेणूंच्या आपोआप पसरत जाण्याच्या, भरवशावर सुगंधाला काही हात अंतर कापायला कित्येक तास लागतील. एरवी तो आपल्यापर्यंत लवकर पोहोचतो तो हवेच्या प्रवाहांमुळे. एखादा आक्षेप सिद्धान्ताला मोडण्याऐवजी त्याला अधिक खोल कसा करतो, याचे इतके चांगले उदाहरण मला दुसरे माहीत नाही.

मॅक्सवेल यांनी १८६० मध्ये यात आणखी एक मोलाची भर घातली. सर्व रेणूंचा वेग सारखा नसतो. काही मंद, बहुतेक मध्यम आणि थोडे फार वेगवान, अशी त्यांची एक निश्चित विभागणी असते आणि तापमानानुसार ती बदलते. द्रवातही वेगांची अशीच विषमता असते, म्हणूनच पाणी उकळल्यावाचून वाळते. पृष्ठभागाजवळचे जे मोजके रेणू सरासरीपेक्षा बरेच वेगवान असतात, ते शेजाऱ्यांची ओढ तोडून निघून जातात. मागे राहिलेल्यांची सरासरी ऊर्जा त्यामुळे घटते आणि द्रव थंड होतो. घाम वाळताना अंगाला गारवा वाटतो तो याच हिशेबाने. उकळताना मात्र पृष्ठभागाची मर्यादा राहत नाही. भांडे तापू लागले की कडांना प्रथम जे बारीक बुडबुडे चिकटलेले दिसतात ते पाण्यात विरघळलेल्या हवेचे असतात. पुढे तळातून जे मोठे बुडबुडे उसळत येतात त्यांत हवा नसून पाण्याचीच वाफ असते. किटलीच्या तोंडाशी नीट निरखून पाहिले तर पहिल्या बोटभर अंतरात काहीच दिसत नाही. खरी वाफ ती. त्यापुढे दिसणारा पांढरा लोट हा पुन्हा द्रव झालेल्या सूक्ष्म थेंबांचा असतो.

रेणू स्वतः दिसत नाहीत, पण त्यांची हालचाल जवळजवळ पाहता येते. मी ती दुधात पाहिली. पाण्यात भरपूर पातळ केलेल्या दुधाचा थेंब काचपट्टीवर घेऊन, वर पातळ काच ठेवून, ४०० पट वर्धनाखाली पाहिला की स्निग्धांशाचे गोल कण दिसतात. सुरुवातीला सगळे कण मिळून एका बाजूला सरकत होते. काचेच्या कडेने पाणी वाळत असल्यामुळे निर्माण झालेला तो प्रवाह होता. तो शांत झाल्यावर मोठे कण स्थिरावले, आणि अगदी लहान कण मात्र थरथरतच राहिले. प्रत्येकाची थरथर वेगळी होती. शेजारी-शेजारी असलेल्या दोन कणांपैकी एक डावीकडे झुकला की दुसरा वर सरके, आणि कितीही वेळ पाहिले तरी त्यात खंड पडत नव्हता. मोठ्या कणावर सर्व बाजूंनी बसणारे पाण्याच्या रेणूंचे धक्के एकमेकांना जवळजवळ रद्द करतात. लहान कणाच्या बाबतीत तोल क्षणोक्षणी ढळतो आणि ती ढळ आपल्या डोळ्यांना दिसते.

वनस्पतिशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्राऊन यांनी १८२७ मध्ये हीच थरथर परागकणांच्या आतून बाहेर पडलेल्या अतिसूक्ष्म कणांत पाहिली होती. पराग स्वतः नाचतात असे अनेकदा लिहिले जाते, पण ते त्यासाठी फार मोठे असतात. ही जिवंतपणाची खूण असेल का, ही शंका फेडण्यासाठी त्यांनी काच आणि दगड यांची बारीक पूडही पाण्यात टाकून पाहिली, आणि तीही तशीच थरथरली. १९०५ मध्ये अल्बर्ट आइनस्टाइन यांनी या हालचालीचे गणित मांडले, पुढे झां पेरँ यांनी अत्यंत कष्टाच्या मोजमापांनी ते पडताळले, आणि अणू-रेणू ही केवळ सोयीची कल्पना आहे असे म्हणणाऱ्यांना आपले मत बदलणे भाग पडले. पेरँ यांना १९२६ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

आता त्या राहून गेलेल्या मुद्द्याकडे येतो, शिस्त आणि दाटी यांच्या फरकाकडे. दाटी कमी-जास्त होऊ शकते. तिला मधल्या पायऱ्या असतात. बेलफास्टच्या थॉमस अँड्र्यूज यांनी १८६९ मध्ये दाखवले की कार्बन डायऑक्साइड सुमारे ३१ अंश सेल्सिअसच्या वर नेला, तर कितीही दाब दिला तरी वायूचा वेगळा द्रव झालेला दिसत नाही. बंद नळीत द्रव आणि वायू एकत्र ठेवून तापवत नेले की द्रवाची घनता कमी होत जाते, वायूची वाढत जाते, आणि क्रांतिक बिंदूपाशी दोघांमधली सीमारेषाच विरून जाते. त्या बिंदूला वळसा घालून गेले तर एकदाही न उकळता द्रवाचा वायू करता येतो. स्थायू आणि द्रव यांच्यात असा क्रांतिक बिंदू आढळलेला नाही. स्फटिकाची नियमित मांडणी एक तर असते किंवा नसते. तिच्यात आणि विस्कळीतपणात हळूहळू मिसळून जाणारा पूल बांधता येत नाही. तीन चौकटींमधल्या दोन सीमारेषा दिसायला सारख्याच, पण त्यांतली एक पुसता येते आणि दुसरी पुसता येत नाही.

हेलियमची कथा याहून विलक्षण आहे. कामरलिंग ओनेस यांनी १९०८ मध्ये लायडन येथे ते द्रवरूप केले, उणे २६९ अंश सेल्सिअसच्या आसपास. त्यानंतर ते कितीही थंड केले तरी नेहमीच्या दाबाखाली ते गोठतच नाही. त्याच्या अणूंमधली ओढ इतकी दुबळी आहे की निरपेक्ष शून्यापाशी, म्हणजे शक्य असलेल्या सर्वांत कमी तापमानापाशीही, शिल्लक राहणारी पुंज भौतिकीतली किमान हालचाल स्फटिक बनू देत नाही. १९२६ मध्ये त्याच प्रयोगशाळेत केसोम यांनी प्रचंड दाब देऊन ते गोठवले. निरपेक्ष शून्याजवळ त्यासाठी वातावरणाच्या सुमारे २५ पट दाब लागतो. थंडी वाढली की सगळेच अखेर गोठते, हा आपला ठाम समज एवढ्याशा हलक्या अणूंनी मोडीत काढला.

एक रेणू कोणत्याच अवस्थेत नसतो आणि वाटीभर रेणू निश्चितपणे असतात, तर मग ही अवस्था नेमकी किती रेणूंपाशी जन्माला येते, हा प्रश्न मला दीर्घकाळ छळत होता. त्यावर खरेखुरे काम झालेले आहे, हे कळले तेव्हा फार आनंद झाला. पाण्याच्या रेणूंचे मोजून-मापून बनवलेले पुंजके तपासून २०१२ मध्ये संशोधकांनी दाखवले की सुमारे २७५ रेणू एकत्र आले की त्यांच्या गाभ्यात बर्फाची स्फटिकी रचना दिसू लागते. २०१९ मधील अभ्यासाने हा आकडा सुमारे ९० पर्यंत खाली आणला. त्याहून लहान पुंजक्यांत बहुतांश रेणू पृष्ठभागावरच असतात आणि आतमध्ये शिस्त लागायला पुरेसे शेजारीच उरत नाहीत. इतक्या लहान पुंजक्यांच्या बाबतीत वितळण्याचा अर्थही बदलतो. वाटीतले बर्फ शून्य अंशाला वितळते तेव्हा बर्फ आणि पाणी एकाच वेळी शेजारी-शेजारी नांदतात. शंभरएक रेणूंच्या पुंजक्यात दोघांना एकत्र राहण्याइतकी जागा नसते, म्हणून तो पुंजका काही काळ सगळाच्या सगळा बर्फ असतो, मग सगळाच्या सगळा द्रव होतो, आणि पुन्हा बर्फ होतो.